गोणपाट कोणी लावावं?

कोजागरी उलटली की मराठी शेतीपानांवर एक ठरावीक लेख येतो. मथळा ‘हिवाळ्यातील कोंबड्यांचे व्यवस्थापन’ किंवा ‘थंडीत जपा कोंबड्यांना’ असा काहीसा असतो. साचा वर्षानुवर्षं तोच. शेडच्या बाजूंना गोणपाटाचे पडदे लावावेत. पडदे रात्री सोडावेत, दिवसा गुंडाळावेत. गादी कोरडी ठेवावी, अधूनमधून खालीवर करावी. पाणी कोमट द्यावे. खाद्यातील ऊर्जेचे प्रमाण वाढवावे. लसीकरण करून घ्यावे. शेवटी लेखकाचा हुद्दा आणि मोबाइल नंबर. ही वाक्यं कुणा एका लेखकाची नाहीत, साचा दाखवण्यासाठी मीच मांडली आहेत. पण दैनिकांच्या पुरवण्या, कृषी विज्ञान केंद्रांची घडीपत्रकं, पशुसंवर्धन खात्याच्या पुस्तिका यांतलं काहीही उचला, याच चालीतलं गद्य हाती येईल.

या गद्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मराठीत समीक्षा होते ती कथा-कवितेची, कादंबरीची, फार तर आत्मचरित्रांची. मराठी माणसं ज्या गद्यावर विसंबून काहीतरी करतात, म्हणजे फवारणी करतात, इंजेक्शन टोचतात, पिल्लं वाढवतात, ते गद्य ‘माहितीपर’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. कामाचा निम्मा वेळ दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या सूचना वाचण्यात जातो. त्यामुळे सूचना वाचताना चार प्रश्न आपोआप पडतात. हे कोणी करायचंय? कधी? हाताशी काय असेल असं धरलंय? आणि झालं ते बरोबर झालं हे कळणार कसं? कोंबड्यांवरच्या या लेखांना मी हेच चार प्रश्न विचारले, आणि त्यामागे कारण होतं.

माझी आत्या मांजरी बुद्रुकला राहते. जून २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत आली त्यांत हेही एक, त्यामुळे आत्याच्या कोंबड्या कागदोपत्री पुणेकर झाल्या. त्या एकूण नऊ आहेत : सात कोंबड्या, एक तलंग, एक कोंबडा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. पुढे दीड-दोन महिने तिला वाकता येणार नाही, आणि खुराड्याचं दार तर मांडीइतकंही उंच नाही. आतेभावाचं म्हणणं, विकून मोकळं व्हावं. आत्याचं म्हणणं, ‘संक्रांतीपातुर कुणीतरी बघा, मग माझी मी हाय.’ आठवड्यातले तीन दिवस घरून काम असलेला ‘कुणीतरी’ घरात एकच आहे. त्यामुळे मी जे मिळेल ते वाचत सुटलो. वाचताना लक्षात आलं की या लेखांतली कोंबडी मला ओळखता येते, पण तिच्यामागे धावणारं माणूस त्यांत कुठेच नाही.

पहिला संशय अर्थातच क्रियापदांवर आला. लावावेत, ठेवावी, द्यावे. शाळेत ज्याला आपण विध्यर्थ म्हणायचो तो. याला कर्ता लागत नाही. गोणपाट ‘लावावेत’ म्हटलं की ते कुणीतरी लावणार एवढं नक्की, कोण ते विचारायचं नाही. मराठी घरात सात-आठ कोंबड्यांचं सगळं कोण करतं हे सांगायला सर्वेक्षण नको. घरची बाई करते, नाहीतर म्हातारी, नाहीतर शाळेतून आलेली मुलगी. अंड्याचे पैसेही बहुधा तिच्याच हातात राहतात. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नऊवारीतल्या बाईचा दाणे टाकतानाचा फोटो असतो. आतल्या वाक्यांत मात्र ती दिसत नाही.

पण सगळं खापर विध्यर्थावर फोडता येत नाही. मराठीत ‘कसं करावं’ सांगणाऱ्या लेखनाची परंपरा जुनी आहे आणि ती याच क्रियापदांवर उभी आहे. ‘दासबोधा’तला लेखनक्रियेचा समास घ्या, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. कागद, लेखणी, ओळींमधलं अंतर, सगळं विध्यर्थात. तरी वाचताना हे कुणाला सांगितलं जातंय याची शंका येत नाही, कारण समोर शिष्य बसलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही किल्ला कसा राखावा, झाडं कोणती तोडावीत, कोणती नाहीत, हे तसंच येतं, पण प्रत्येक कामामागे त्या कामाचा माणूस उभा असतो. आणि अगदी घरातलं उदाहरण हवं तर कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. ते १९७० साली आलं आणि पुढे लग्नाच्या आहेरात जाऊन बसलं. तिथेही घालावे, परतावे, उतरवावे. पण मापं वाटी आणि चमच्याची. वाटी म्हटलं की स्वयंपाकघर आलं, चार-सहा माणसांचं घर आलं, हाताने अंदाज घेणारी बाई आली. कर्ता वाक्यात नसला तरी मापात आहे.

कोंबड्यांच्या लेखांचं माप ‘प्रति हजार पक्षी’ आहे. सगळं तिथून बिघडतं. एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा, हजार पक्ष्यांना इतकं खाद्य, इतके बल्ब. यात खोटं काही नाही, हे गणित ब्रॉयलरवाल्याच्या रोजच्या उपयोगाचं आहे. पुणे ही तर या धंद्याची राजधानीच म्हणायची. ‘संडे हो या मंडे’वाल्या नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटीचं मुख्यालय इथे, व्यंकटेश्वरा हॅचरीजचं इथे, सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आणि २००५ पासून निघणारं ‘ॲग्रोवन’ हे शेतीचं दैनिकही इथलंच. एवढं सगळं एका शहरात असल्यावर त्या धंद्याचं गद्य घडणारच. अडचण येते ती हजारांसाठी लिहिलेला लेख ‘परसातील कुक्कुटपालन’ असं शीर्षक लावून छापला जातो तेव्हा. हजाराला १११ ने भागलं की आत्याच्या नऊ कोंबड्या येत नाहीत.

गोणपाटाचंच बघा. पोल्ट्रीच्या शेडला दोन्ही लांब बाजूंनी जाळी असते. तिथे रात्री पडदा सोडला तरी वर छताखाली मोकळी जागा उरते आणि आतली हवा हलती राहते. आत्याचं खुराडं म्हणजे तीन बाजूंनी विटा, वर पत्रा, पुढे फळ्यांचं दार आणि दारावर वीतभर जाळी. ‘पडदे लावावेत’ हे वाक्य इथे जसंच्या तसं पाळलं तर नऊ जीव एका बंद डब्यात रात्र काढतील. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर पिसांची गोधडी. कोरडी थंडी ती सहज सोसते. तिला जेरीस आणतात ती ओल आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया. श्वासाची वाफ पत्र्याला लागते, पहाटे थेंब होऊन खाली टपकते, गादी भिजते, घसे घरघरायला लागतात. चांगल्या लेखांत अमोनियाचा इशारा असतो, नाही असं नाही. पण तो पाचव्या मुद्द्यात असतो, गोणपाट दुसऱ्यात, आणि दोघांची आपसात गाठ कुणी घालून देत नाही.

आत्याने मला हे एका दमात सांगितलं. ‘वाऱ्याच्या अंगाला बारदान बांधायचं, ते बी कोंबडीच्या डोक्याएवढं. वरचं तोंड उघडं. सकाळी दार उघडलं की आधी आपलं नाक आत घालायचं. डोळं चुरचुरलं तर रातच्याला लई झाकलंस असं समजायचं.’ माझ्या चारही प्रश्नांची उत्तरं यात आहेत. बरोबर झालं की नाही हे कळायची खूणसुद्धा आहे, आणि त्यासाठी स्वतःचं नाक सोडून दुसरं उपकरण लागत नाही.

थंडी म्हणजे किती थंडी, हाही प्रश्न आहेच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान साधारण ११-१२ अंशांवर येतं आणि दुपारी पारा २९-३० ला जातो. पुण्याची नोंदलेली नीचांकी १.७ अंश आहे, पण ती जानेवारी १९३५ मधली. म्हणजे इथल्या कोंबडीला गारठ्यापेक्षा एकाच दिवसातली ही वर-खाली जास्त झेलावी लागते. दुपारी ती चोच उघडून धापा टाकते आणि पहाटे अंग फुगवून बसते. लेखांतलं कोमट पाणी, रात्रभर पेटते बल्ब, बंद पडदे हे सगळं वाचताना मला शंका येते की या मजकुराची वंशावळ कुठेतरी बर्फाच्या देशात जाते. तिथून इंग्रजी पाठ्यपुस्तकात, तिथून उत्तर भारतात, तिथून आपल्याकडे. प्रत्येक मुक्कामाला वाक्यं उतरवून घेतली गेली, तापमान मात्र मागेच राहिलं.

बल्बचं प्रकरण तर भाषेच्या दृष्टीनेही गमतीचं आहे. दिवस लहान होऊ लागले की कोंबडीचं अंडं देणं कमी होतं. हे थंडीमुळे होत नाही, उजेडामुळे होतं. म्हणून धंद्यात दिवस कृत्रिमपणे सोळा तासांपर्यंत ताणतात. आपली म्हण सांगते, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पोल्ट्रीवाल्याने तिला उलट उत्तर दिलं : तांबडं मी फोडीन, कोंबडं त्याप्रमाणे वागेल. म्हणीतल्या त्या बाईला डालग्याखाली उजेड जात नाही आणि कोंबडं उजेडावर चालतं हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिने झाकलं. म्हणीत पशुपालन होतं, आपण तेवढं तत्त्वज्ञान काढून घेतलं. असो. पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या जवळपास असतो. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीला त्यासाठी बल्ब लावायचा, हा हिशेब विजेच्या बिलापाशीच अडतो.

शिवाय त्या दिवसांत तिला अंडी देण्याची उसंतही नसते. नवरात्र ते दिवाळी खुराड्यात सकाळी पिसंच पिसं दिसतात. ‘दसऱ्याला कोंबडी कात टाकती,’ असं आत्या म्हणते. जुनी पिसं झडून नवी यायला दोन-तीन महिने जातात. पिसांचा बहुतेक भाग प्रथिनांचा असल्यामुळे अंड्याला जाणारा खुराक तिकडे वळतो. हजारांच्या गणितात अशा कोंबडीसाठी एकच सूचना आहे : अंडी न देणारे पक्षी ओळखून काढून टाकावेत. आत्या तिला सुकटीचा चुरा घालते, संध्याकाळी दार लावण्याआधी मूठभर बाजरी टाकते आणि मार्गशीर्षाची वाट बघते. कारण उन्हाळ्यात उष्म्याने अंडी बिघडतात, पावसात पिल्लं गारठतात. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायचा खरा हंगाम हिवाळाच. बर्फाच्या देशात हिवाळा म्हणजे आवरून घेणं. आपल्याकडे तो २१ दिवस बसून पिल्लं काढायचा काळ. पुस्तिकांमध्ये मात्र पिल्लांसाठी ३५ अंशांचं ब्रूडर असतं आणि दर आठवड्याला तापमान किती उतरवायचं याचा तक्ता. पोटाखाली घेऊन बसणारी आई त्या तक्त्यात मावत नाही.

आणखी एक गोष्ट या लेखांत शोधूनही सापडली नाही, ती म्हणजे पंचांग. आपल्या घरात कोंबड्यांची संख्या कशाने ठरते? आखाडाने. उन्हाळ्यात जगलेल्या पिल्लांतले नर आखाडात जातात, उरलेसुरले गटारीला. मग श्रावणात कोंबड्या निर्धास्त. पुढे दसरा, जत्रा, नवस, जावई. हिवाळ्याच्या तोंडावर खुराड्यात किती माद्या आणि किती नर उरतात हे या तारखा ठरवतात, आणि त्यावरून खाद्य किती लागेल, भांडणं किती होतील ते ठरतं. ‘नर-मादी गुणोत्तर योग्य राखावे’ या वाक्यात हे सगळं गडप होतं. मांसाचा उल्लेख टाळण्याइतकं हे गद्य सोवळं आहे असं मात्र नाही. ब्रॉयलरच्या लेखात वजन, भाव, सगळं उघड असतं. घरची कोंबडी कापली जाते हे तेवढं सांगायचं राहून जातं.

आता लशीकडे येतो. माझ्या लेखी या सगळ्या गद्याची परीक्षा तिथे आहे.

‘लसीकरण करून घ्यावे.’ तीन शब्द. राणीखेत हा परसातल्या कोंबड्यांचा मोठा वैरी, आला तर खुराडं रिकामं करून जातो. त्यावर लस आहे आणि ती चांगली आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, टोचून. इथपर्यंत पुस्तिका बरोबर सांगतात, वेळापत्रक तर उत्तम असतं. त्या सांगत नाहीत ते असं : लशीची कुपी येते शंभर मात्रांची, नाहीतर त्याहून मोठी. एकदा मिसळली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. आत्याच्या नऊ कोंबड्यांसाठी ती फोडली तर एक्क्याण्णव मात्रा मातीत जातात.

मग आत्या इतकी वर्षं काय करत होती? गल्ली गोळा करत होती. थंडी पडायच्या आधी एक संध्याकाळ ठरायची, अंधार पडून कोंबड्या खुराड्यात गेल्यावरची, कारण दिवसा हाती कोण लागतंय. एक जण दुकानातून थर्मासमध्ये कुपी आणायचा, एक बाई बॅटरी धरायची आणि घरोघर फिरून सत्तर-ऐंशी कोंबड्यांना लस व्हायची. पैसे वाटून. म्हणजे लस घेण्याचं एकक घर नव्हतं, गल्ली होती. गेल्या सहा-सात वर्षांत त्या गल्लीतल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. शेजारणी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर गेल्या आणि कोंबड्या संपल्या. आत्याचं घर तेवढं खाली उरलंय. तिची संख्या पूर्वीही आठ-दहाच होती, आजही तेवढीच आहे. तरी आज तिचा कळप मोडीत निघाल्यासारखा आहे, कारण नऊ कोंबड्या नव्वदांच्या आधाराने जगत होत्या.

कोंबड्यांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था औंधला आहे, मांजरीपासून वीस-एक किलोमीटरवर. अंतर हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की ‘करून घ्यावे’ या शब्दांत एक अख्खी गल्ली गृहीत धरलेली होती, आणि ती गेल्याचं या वाक्याला कळलेलं नाही. सरकारी योजनेचे आकडे बघितले की हे आणखी स्पष्ट होतं. परसातल्या कोंबड्यांसाठी निम्म्या अनुदानावर एकदिवसीय शंभर पिल्लांचा गट मिळतो, किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि तीन नर. शंभराच्या कुपीला शंभर पिल्लं बरोबर जुळतात. ज्याच्याकडे जागा आहे आणि जो नव्याने सुरुवात करतोय त्याचा हिशेब बसतो. जी आधीपासूनच आठ-नऊ सांभाळून आहे तिचा बसत नाही. शहराच्या हद्दीत आलेल्या २३ गावांत अशा किती असतील, याचा विचार करणारं एकही वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

योजनेच्या त्या ओळीत एक शब्द आहे जो वाचून मला बरं वाटलं : तलंग. अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. गावातला शब्द, आणि तो सरकारी कागदात कंसाशिवाय शिरलाय. हे दुर्मीळ आहे. एरवी या गद्यात लोकांचा शब्द कंसात जातो. राणीखेत (मानमोडी). राणीखेत हे कुमाऊँमधल्या गावाचं नाव. १९२७-२८ च्या सुमारास तिथे हा रोग ओळखला गेला म्हणून. इंग्रजीत त्याला न्यूकॅसल म्हणतात, तेही गावच. दोन्ही नावांवरून आजारी कोंबडी कशी दिसते याचा पत्ता लागत नाही. मानमोडी म्हटलं की लागतो : मान मुरगळते, वाकडी होते, डोकं पाठीकडे जातं. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. दुपारी खुराड्यापाशी उभं राहून, समोरच्या कोंबडीला काय होतंय हे ओळखण्यासाठी ज्याचा उपयोग आहे तो शब्द कंसात, आणि अभ्यासक्रमातला बाहेर.

आणि ‘पक्षी’. या लेखांत कोंबडी कोंबडी राहत नाही, पक्षी होते. आत्याच्या बोलण्यात पक्षी म्हणजे जे उडून जातं ते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिलाच, आणि ठरावीक परिघातली सगळी कोंबडी मारली गेली. मोठ्या पोल्ट्र्यांतली आणि घराघरांतलीही. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यातही साथ आली. अशा वेळी परिघ आखावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करण्यात आले’ या वाक्यात हजारांचं शेड आणि दारातली नऊ एकाच शब्दाखाली येतात, आणि घरात काय झालं हे लिहायला भाषेत जागाच उरत नाही.

मग ललित साहित्यात तरी जागा आहे का? व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या अशा पाहिल्या की मराठीला सवयच नव्हती. मारुती चितमपल्लींनी रान आणि रानातली पाखरं आणली. रानकोंबड्याबद्दल आपल्याकडे आदराने लिहिलं जातं. त्याची घरची बहीण मात्र म्हणींत आणि विनोदी कथेत पळत राहते, आणि पाहुणा आला की ताटात येते. (एक जाता जाता. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा. पण २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की तिची पिवळी कातडी करड्या रानकोंबड्याकडून आली. करडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळतो तो. आत्याच्या कोंबडीचे पिवळे पाय तिथले.)

कोंबड्यांकडे नुसतं थांबून बघितलेलं मला आढळलं ते अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त. पुस्तक १९७६ चं, त्याला पुढच्या वर्षी कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं, त्यावर ढिगाने लिहिलं गेलंय. गावातली देवळं, पुजारी, दगड, सगळं मागे टाकून स्टेशनकडे निघालेला माणूस मध्येच थबकतो, कारण ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबड्या-कोंबडे कणसातले दाणे टिपायला सरळ वर उड्या मारतायत. छापलेले शब्दही पानावर वर-खाली उडतात. या कवितेवर बोलताना अभ्यासक बहुतेक श्रद्धा-अश्रद्धेकडे वळतात, कोंबड्या हा दैवी साक्षात्काराला पर्याय ठरतो वगैरे. वळावं. मला आधी दिसतं ते हे की निरीक्षण बरोबर आहे. परसातली कोंबडी अशीच पोट भरते, स्वतःच्या पायांनी, उभ्या पिकात. ‘खाद्यातील ऊर्जेचे प्रमाण’ ती अशी वाढवते. मांजरीत आता आत्याच्या आसपास उभी ज्वारी नाही, म्हणून मूठभर बाजरीचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा लेखक अमेरिकन, ई. बी. व्हाइट. तो मेन राज्यात शेतावर राहायचा, खऱ्याखुऱ्या बर्फात, आणि कोंबड्या पाळायचा. १९४४ साली रॉय जोन्स नावाच्या माणसाने लहान कळपवाल्यांसाठी कोंबडीपालनाचं एक साधं मार्गदर्शक लिहिलं, त्याला व्हाइटने प्रस्तावना लिहिली. ती आज पुस्तकाहून जास्त वाचली जाते. शहरी माणूस कोंबडीला हसतो आणि अंडं मात्र सोडत नाही, अशी तिची सुरुवातीची चाल आहे. शेवटाकडे तो सरळ आज्ञार्थात येतो : नीटनेटके राहा, आत धावत जाऊ नका, अनोळखी वस्तू हातात घेऊन जाऊ नका, आणि कोंबड्यांबद्दलचा आपला उत्साह दुसऱ्याला पटवायला जाऊ नका. आज्ञार्थाला ऐकणारा लागतो. व्हाइटला तो दिसत होता, कारण तो स्वतःच होता. कोंबडीला घाबरवायचं नाही हे कुठल्याही हजारी लेखात ‘ताण टाळावा’ असं येतं. व्हाइटच्या वाक्यात चालणारे पाय येतात.

आपल्याकडच्या लेखकांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही. हे लेख लिहिणारे बहुतेक पशुवैद्य आहेत, गावोगाव फिरलेले. एखाद्या कार्यक्रमानंतर चहा पिताना ते जे सांगतात ते आत्याच्या बोलण्याच्या फार जवळचं असतं. लिहायला बसले की मात्र कुक्कुट, पक्षी, व्यवस्थापन. संपादकांनी एक वर्ष एवढंच करून बघावं : परसातल्या कोंबड्यांवरच्या लेखात हजार हा आकडा येऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येक ‘करावे’पुढे कोणी ते विचारायचं.

माझ्यापुरतं मी एक कागद करायला घेतलाय. आत्या सांगते, मी टाइप करतो, रात्री तिला वाचून दाखवतो. पहिला मसुदा मुद्द्यांत होता. तो तिने पुरता ऐकलाही नाही. ‘ह्यात माझ्या कोंबड्या कुठं हायेत?’ म्हणून आता सुरुवात वेळेने आणि नावाने होते. साडेपाचला दाणे, तुरेवालीला वेगळे, बाकीच्या तिला टोचतात. तलंगेला दांडीवर मधे बसवायचं, कडेला नाही. चुलीची राख बंद झाल्यापासून धूळन्हाणीसाठी मागच्या भिंतीजवळची माती, कडुलिंबाचा पाला वाळवून चुरून. मुंगसाचं भोक वायव्येच्या कोपऱ्यात, तिथली वीट रोज पायाने दाबून बघायची. आणि तांबडी. ती सगळ्यांच्या शेवटी आत जाते, आधी शेवग्याच्या फांदीवर बसून अंधार होईपर्यंत बघत राहते, तिला हाकलायचं नाही, दार लावायची घाई करायची नाही.

लशीच्या ओळीपुढची जागा अजून मोकळी आहे. शेवाळेवाडीत एका बाईंकडे चौदा आहेत असं दूधवाल्याकडून कळलंय, आणि साडेसतरानळीकडे कुणीतरी कडकनाथ पाळायला घेतलेत, नेमके किती ते कळलेलं नाही. ऑपरेशनला अठरा दिवस आहेत. रविवारी मोटारसायकल काढून दोन्हीकडे जाऊन यायचंय.